खुराखालची माती

पोरांनो, मलकापूरहून बुलढाण्याला यायचं तर मध्ये राजूर घाट चढावा लागतो. खाली पूर्णेचं खोरं, वर पठार. खाली नांदुरा, शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद. वर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार. आपल्याकडची माणसं गावाचा पत्ता सांगतानाही घाटावरचं की घाटाखालचं हे आधी सांगतात. घाट ओलांडला की मातीही बदलते. खाली कुदळ मारली तर कित्येक फूट काळी मातीच निघते. वर पुष्कळ ठिकाणी हातभर खणलं की मुरूम लागतो.

आता मला सांगा. एकच घोडा, एकच स्वार, अंतरही तेवढंच. जुलैतला मोठा पाऊस होऊन गेल्यावर दुसऱ्या दिवशी तो घाटाखालच्या रानात धावला आणि मग घाटावरच्या मुरमाड माळावर धावला. दोन्हीकडे सारखाच वेळ लागेल का?

“नाही लागणार,” धाकटी म्हणाली. “खाली तो फसंल.”

बरोबर बोललीस. पण घोडा काऊन फसतो, आणि त्याच चिखलातून आपला बैल कसा निघून जातो, हे सांगायचं तर मला साडेसहा कोटी वर्षं मागं जावं लागेल. तिथून पुढं पुण्याच्या रेसकोर्सपर्यंत यावं लागेल, कारण तिथं हजारो माणसं याच प्रश्नाच्या उत्तरावर पैसे लावतात. रात्र मोठी आहे. बसा सावरून.

आधी माती.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी या भागात जमिनीला भेगा पडून लाव्हा बाहेर आला. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. त्याचे थरावर थर साचले आणि दख्खनचं पठार तयार झालं. त्या लाव्ह्याचा जो काळा दगड झाला तो बेसाल्ट. ऊन, पाऊस, हवा यांनी तो दगड लाखो वर्षं कुजवला आणि त्यातून आपली काळी माती निघाली. तिच्यात चिकणमातीचं प्रमाण फार मोठं असतं. चिकणमातीचा कण मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाहूनही लहान. त्यातला जो खनिजपदार्थ काळ्या मातीला तिचा स्वभाव देतो, त्याला माँटमोरिलोनाइट म्हणतात. त्याचे पापुद्रे पोळ्यांच्या चळतीसारखे एकावर एक बसलेले असतात, आणि पाणी आलं की ते दोन पापुद्र्यांच्या मध्ये शिरतं. पापुद्रे दूर सरतात, माती फुगते. उन्हाळ्यात तेच पाणी निघून गेलं की माती आकसते आणि रानात एवढाल्या भेगा पडतात की हातातली काठी आत जाते. मुरमात हे होत नाही. त्याचे कण मोठे, मधल्या फटी मोठ्या. पाणी पडलं की खाली निघून जातं.

पूर्णेच्या दोन्ही अंगांना तर आणखी एक गोष्ट आहे. तो खारपाणपट्टा. तिथल्या पाण्यात क्षार, मातीत सोडियम जास्त. सोडियम असला की चिकणमातीचे कण एकमेकांना धरून राहत नाहीत, सुटे होतात आणि मातीतल्या बारीक वाटा बुजवून टाकतात. मग वरचं पाणी खाली जातच नाही. तेवढाच पाऊस घाटावर पडला तर माळ दुसऱ्या दिवशी चालण्याजोगा होतो. संग्रामपूरकडच्या रानात मात्र आठवडा गेला तरी पाय घालवत नाही.

हे ढेकूळ घ्या हातात. कोरडं आहे तोवर ते बोटांना दाद देत नाही. आता थोडं थोडं पाणी घाला आणि मळा. आधी भुसभुशीत होईल, मग हाताला चिकटेल, वळ्या वळता येतील, आणि शेवटी बोटांमधून ओघळून जाईल. अल्बर्ट अटरबर्ग नावाचा एक स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ होता. त्यानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मातीच्या या अवस्थांच्या सीमा ठरवून दिल्या. त्यातली एक चाचणी तुम्हालाही जमेल. मातीची वळी वळत वळत तीन मिलिमीटर जाडीची करायची. तेवढी बारीक होताना ती तुटायला लागली, की माती चिकटपणाच्या उंबरठ्यावर आली असं समजायचं. त्याहून ओली असेल तर वळी आणखी बारीक होत जाते. आजही इमारतीचा पाया घालण्याआधी प्रयोगशाळेत हीच वळी वळतात.

आपल्या शेतकऱ्याची चाचणी याहून जुनी. पेरणीआधी तो नांगराच्या तासाइतकी खोल माती मुठीत घेतो, दाबून गोळा करतो आणि कमरेच्या उंचीवरून खाली सोडतो. गोळा पडल्या जागी चपटा झाला तर रान अजून ओलं. गोळाच झाला नाही तर कोरडं. पडल्यावर सुटसुटीत फुटला तर वाफसा आला. वाफशावर तिफन चालते, बैलाला ओढ कमी लागते, बियाणं नीट पडतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण घोड्याच्या शर्यतीचं अर्धं गणित या एका गोळ्यात आहे.

आता पाय.

साडेपाच कोटी वर्षांपूर्वी घोड्याचा पूर्वज कुत्र्याएवढा होता. जंगलात राहायचा, कोवळा पाला खायचा. पुढच्या पायाला चार बोटं, मागच्याला तीन. जंगलातली जमीन ओलसर, पानांनी भरलेली, मऊ. तिथं पसरट पाऊल बरं पडतं, कारण वजन जास्त जागेवर विभागलं जातं आणि प्राणी रुतत नाही. आपल्या देशाचाही या कुळाशी संबंध आहे, हे मला फार नवलाचं वाटतं. गुजरातेत सुरत जिल्ह्यात वस्तान इथं लिग्नाइट कोळशाची खाण आहे. तिथं कॅम्बेथेरियम नावाच्या प्राण्याचे जीवाश्म सापडले. साधारण 5 कोटी 45 लाख वर्षांपूर्वीचे. घोडा, गेंडा आणि टॅपिर या तिन्ही कुळांच्या समाईक पूर्वजाच्या अगदी जवळचा हा प्राणी, आणि तो इथं हिंडत होता तेव्हा आपली भूमी आशियाला पुरती जोडलीही गेलेली नव्हती.

पुढं हवामान बदललं. जंगलं मागं हटली, गवताळ प्रदेश पसरले. जमीन कोरडी, कडक, आणि लपायला आडोसा नाही. आता जगायचं तर पळायला हवं. लाखो पिढ्यांत मधलं बोट लांब आणि जाड होत गेलं, बाजूची बोटं जमिनीवरून उचलली गेली आणि शेवटी हाडांच्या दोन बारीक पट्ट्या उरल्या. आजच्या घोड्याच्या पायात त्या दिसतात. म्हणजे तुमच्यासमोर घोडा उभा असतो तेव्हा तो प्रत्येक पायाच्या एकाच बोटाच्या टोकावर उभा असतो आणि ज्याला आपण खूर म्हणतो ते त्या बोटाचं नख असतं. गुडघ्याच्या खाली जोर लावणारे स्नायू जवळजवळ नाहीतच; हाडं आणि लांब कंडरा. सगळा मांसल भाग वर, खांद्यात आणि पुठ्ठ्यात. पायाचं टोक हलकं असलं की तो झपकन पुढं टाकता येतो. हा सगळा पाय कडक जमिनीनं घडवलेला आहे.

“आणि बैल?” थोरल्यानं विचारलं.

बैलाच्या कुळानं वेगळी वाट धरली. त्यानं दोन बोटं ठेवली. चिखलात पाय पडला की ती दोन बोटं फाकतात, टेकायला जास्त जागा मिळते. पाय उचलताना ती जवळ येतात, मधल्या फटीतून हवा आत जाते आणि चिखलाची ओढ सुटते. घोड्याचा खूर एकसंध, तळाला खोलगट. चिकट मातीत तो रुतला की खाली हवेला वाट नाही. उपसताना मातीची ओढ पुरती सोसावी लागते. काळ्या रानात औताला बैल जुंपायचा आणि घोड्यावर बसून बाजाराला जायचं, ही आपल्या मुलखाची रीत काही उगाच पडली नाही. मराठ्यांच्या फौजासुद्धा पावसाळ्यात छावणीला थांबायच्या आणि दसऱ्याला सीमोल्लंघन करून बाहेर पडायच्या. नद्या उतरलेल्या, चारा वाढलेला आणि रान घोड्याच्या खुराला झेपेल इतकं वाळलेलं, असा तो मुहूर्त असायचा.

शर्यतीचा थरोब्रेड घोडा साडेचारशे ते पाचशे किलोचा असतो आणि ताशी साठ किलोमीटरच्या वर पळतो. चौखूर उधळलेल्या घोड्याचे चारही पाय एकदम जमिनीवरून सुटतात की नाही, यावर पूर्वी लोक वाद घालायचे, कारण डोळ्याला ते दिसत नाही. 1878 मध्ये कॅलिफोर्नियात एडवर्ड मायब्रिज नावाच्या छायाचित्रकारानं ओळीनं कॅमेरे लावून पळत्या घोड्याची चित्रं घेतली. चारही पाय सुटतात, हे त्यात स्पष्ट दिसलं. आणि ते सुटतात तेव्हा चित्रकार काढायचे तसे पुढं-मागं ताणलेले नसतात. पोटाखाली गोळा झालेले असतात.

म्हणजे काय झालं बघा. अख्खा घोडा हवेत, आणि मग तो एकेका पायावर उतरतो. एक खूर जमिनीवर असतो तो जेमतेम सेकंदाचा दहावा भाग. तेवढ्या वेळात पुढच्या एका पायावर त्याच्या वजनाच्या सुमारे अडीचपट भार येतो, म्हणजे एक टनाहून जास्त. वर तो प्रत्येक झेपेला एकच श्वास घेतो. पळताना त्याचा श्वास आणि पावलं एकमेकांना बांधलेली असतात. पाऊल अडखळलं तर श्वासही अडखळतो.

आता खुराखाली काय घडतं ते नीट ऐका, सगळ्या गोष्टीचा गाभा इथं आहे.

खूर टेकतो त्या क्षणी एक झटका बसतो. मग तो किंचित पुढं घसरतो. हे घसरणं गरजेचं असतं, कारण त्यानं झटका विभागला जातो. मग सगळा भार येतो, पायामागची लांब कंडरा ताणली जाते आणि ताणताना शक्ती साठवते. शेवटी खुराचं टोक मातीत रोवून घोडा पुढं रेटतो आणि कंडरा आखडताना साठवलेली शक्ती परत देते. या चारही गोष्टी मातीवर अवलंबून आहेत.

जमीन फार कडक असेल तर खूर घसरायला जागाच नाही. झटका सरळ हाडात जातो. वेळ चांगला येतो, घोडा झपाट्यानं पळतो, पण हाडांत डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक चिरा पडतात. हाड जिवंत असतं, ते या चिरा भरून काढतं, पण त्याला विश्रांतीचे दिवस लागतात. ते मिळाले नाहीत तर चीर वाढत जाते. कडक हिरवळीवर गंभीर जखमांचं प्रमाण वाढतं, असं ब्रिटनमधल्या शर्यतींच्या अभ्यासांत दिसून आलं आहे.

जमीन फार मऊ असेल तर झटका कमी, पण घोड्यानं लावलेला जोर माती खाऊन टाकते. ती दबते आणि दबलेलीच राहते, परत काही देत नाही. प्रत्येक पावलाला स्नायूंना नव्यानं जोर लावावा लागतो. मैलभराच्या शर्यतीत काही सेकंद इथंच जातात, आणि शर्यतीचा निकाल अनेकदा सेकंदाच्या लहानशा भागानं लागतो.

सगळ्यात वाईट अवस्था कोणती माहीत आहे? तुम्ही म्हणाल, पाणी साचलेली. तसं नाही. अमेरिकेत बहुतेक शर्यती गवताऐवजी वाळूमिश्रित मातीच्या ट्रॅकवर होतात. पाऊस येणार असं दिसलं की ते लोक रोलर फिरवून वरचा थर दाबून टाकतात, म्हणजे पाणी वरून वाहून जातं. अशा ट्रॅकवर वर पाणी उडतं आणि खाली जमीन घट्ट असते. घोडे चांगले वेगात पळतात. खरी अडचण ते पाणी ओसरून माती वाळायला लागल्यावर येते. ती चिकट होते, खूर धरून ठेवते. अटरबर्गची वळी न तुटता बारीक होत जाते, ती हीच अवस्था. आपल्या काळ्या रानात पावसानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी चप्पल रुतून बसते आणि पाय तेवढा वर येतो ना, तेच.

“मग घोड्याला वाफसा लागतो!” धाकटी ओरडली.

हो ग बाई, अगदी तेच लागतं. थोडी ओल असलेली, मुळांनी बांधलेली, दबणारी पण धरून न ठेवणारी जमीन. इंग्रजी रेसकोर्सवर तिला ‘गुड’ म्हणतात. त्याच्या एका बाजूला ‘फर्म’, दुसऱ्या बाजूला ‘सॉफ्ट’ आणि शेवटी ‘हेवी’.

आपल्या राज्यात घोड्यांच्या शर्यती मुंबईच्या महालक्ष्मीला आणि पुण्याला होतात. महालक्ष्मीचं रेसकोर्स 1883 सालचं. इंडियन डर्बी तिथं 1943 पासून होते आहे, 2400 मीटरची. मुंबईचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते एप्रिल, कारण पावसाळ्यात तिथं घोडे पळवणं शक्यच नाही. पावसाळ्यात सगळा कारभार पुण्याला जातो, जुलै ते ऑक्टोबर. पुण्यात पाऊस कमी, पण अगदी नसतो असं नाही. मुंबईत जानेवारीत जिंकलेला घोडा ऑगस्टमध्ये पुण्याच्या ओल्या हिरवळीवर उतरतो तेव्हा तोच घोडा असतो, खुराखालची जमीन मात्र दुसरी असते.

म्हणून शर्यतीच्या दिवशी जमीन मोजतात. त्यासाठी पेनिट्रोमीटर नावाचं साधं उपकरण असतं. ठरलेलं वजन ठरलेल्या उंचीवरून एका सळईवर पडू द्यायचं आणि सळई किती आत गेली ते मोजायचं. ट्रॅकवर ठिकठिकाणी मोजून त्याची सरासरी जाहीर करतात. ब्रिटनमध्ये 2007 पासून ‘गोइंगस्टिक’ वापरतात. तिची पट्टी जमिनीत खुपसायला किती जोर लागला आणि मग ती तिरपी ओढायला किती लागला, दोन्ही ती मोजते. ही दुसरी मोजणी मला फार हुशारीची वाटते, कारण घोडा जमीन नुसती दाबत नाही, मागं ढकलतोही. आपल्या मुठीतल्या गोळ्यातही या दोन्ही गोष्टी येतात, फक्त आकडा येत नाही.

एक गोष्ट सांगतो फ्रँकेलची. हा इंग्लंडचा घोडा. तेरा शर्यती धावला, तेराही जिंकला. चौदावी आणि शेवटची होती 20 ऑक्टोबर 2012 ला, अ‍ॅस्कॉटच्या मैदानावर. आधीचे दिवस पावसाचे. जमीन ‘सॉफ्ट’, काही ठिकाणी ‘हेवी’ असं जाहीर झालं. समोर होता फ्रान्सहून आलेला सीरस दे झेग्ल. ओल्या, जड जमिनीवर हा घोडा खुलायचा, हे सगळ्यांना ठाऊक होतं. फ्रँकेलचा जीव होता त्याच्या वेगात, आणि वेग तर चिखल खातो. त्याला धावू द्यावं की नाही, यावर विचार झाला. शेवटी उतरवलं. सुरुवातीलाच तो मागं राहिला, दरवाजा उघडला तेव्हा नीट सुटलाच नाही. शेवटच्या वळणानंतर मात्र तो त्या जड जमिनीवरही पुढं सरकत गेला आणि घोड्याच्या पावणेदोन लांबीनं जिंकला. चौदापैकी चौदा. एरवी तो बहुतेक वेळा याहून मोठ्या अंतरानं जिंकायचा. उरलेलं अंतर त्या दिवशी जमिनीनं घेतलं.

आता पैसे लावणाऱ्यांकडे येऊ. तुम्ही विचारणार हे मला माहीत आहे.

जाणता माणूस रेसकार्ड हातात घेतो तेव्हा घोड्याच्या मागच्या शर्यतींपुढं नुसता पहिला-दुसरा नंबर बघत नाही. त्या दिवशी जमीन कशी होती तेही बघतो. कडक जमिनीवर तीनदा जिंकलेला घोडा पावसात कितवा आला? त्याच्या बापाची बाकीची पोरं ओल्यावर कशी पळाली? शर्यतीआधी पॅडकच्या रिंगणात घोडा फिरवतात तेव्हा खूर बघतो: मोठा आणि पसरट की लहान? चाल बघतो. गुडघा उंच उचलून पाय टाकणारा घोडा चिखलातून पाय सहज काढतो. जमिनीलगत, लांब लांब पाय टाकणारा कोरड्या हिरवळीवर शोभतो. हे ठोकताळे आहेत, अपवाद पुष्कळ. मग तो ट्रॅकच बघतो. आतल्या कुंपणालगत सगळे घोडे पळतात, कारण अंतर कमी पडतं, आणि त्यामुळं तिथलं गवत आधी उखडतं. चार शर्यती झाल्यावर बाहेरची बाजू लांब असूनही वेगवान ठरू शकते. चांगला जॉकी तेव्हा घोडा बाहेर काढतो. सकाळी जमीन एक असते, दुपारच्या सरीनंतर दुसरी, आणि बुकींचे भाव त्या सरीबरोबर हलतात.

इतका सगळा विचार यात आहे, म्हणूनच 1996 साली सर्वोच्च न्यायालयानं के. आर. लक्ष्मणन खटल्यात घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ ठरवला, नुसत्या नशिबाचा नाही.

“मग आबा, जमीन ओळखली की पैसे मिळतात?”

नाही रे राजा, आणि याचं कारणही गणितच आहे. टोटवर सगळ्यांचे पैसे एका ठिकाणी जमा होतात. त्यातून कर आणि क्लबचा वाटा आधी कापून घेतात. उरलेले जिंकणाऱ्यांत वाटतात. पाऊस पडला आहे हे तुला दिसतं तसं सगळ्यांना दिसतं. चिखलात पळणाऱ्या घोड्यावर सगळेच पैसे लावतात आणि त्याचा भाव उतरतो. तुझं ज्ञान खरं असूनही त्याची किंमत आधीच वसूल झालेली असते. सगळ्या खेळणाऱ्यांचे मिळून पैसे हे जमा झालेल्यापेक्षा कमीच परत येतात, दर वेळी. कौशल्यानं काही थोडी माणसं इतरांच्या पुढं राहत असतील, पण त्यापायी मोडलेले संसार त्याहून कितीतरी जास्त. मला या सगळ्यात आवडतो तो जमीन वाचणारा डोळा. तो पैसे न लावताही कमावता येतो, आणि तुम्ही तो कमवावा असं मला मनापासून वाटतं.

आपल्या घरात मातीवर डाव लावलेला नाही असं समजू नका. मृगाचा पाऊस येण्याआधी कोरड्या रानात बी टाकायचं, ती धूळपेरणी. पाऊस वेळेवर आला तर पीक आठ-दहा दिवस पुढं जातं. एक हलकी सर येऊन उघडीप पडली, तर बी उगवून जळतं आणि दुबार पेरणी. खालच्या भारी रानात एकदा ओल भरली की ती टिकते, पण ती भरायला मोठा पाऊस लागतो. वरच्या हलक्या रानात थोड्या पावसावर बी उगवतं, पण उघडीप सोसत नाही. मग कुठं धूळपेरणी करायची आणि कुठं थांबायचं? ओल्या जमिनीवर कोणता घोडा, या प्रश्नाहून हा कमी अवघड नाही, आणि इथं वर्षाचं अन्न पणाला असतं.

जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळला अक्षय तृतीयेला घटमांडणी होते, ती याच काळजीतून आलेली. शेतात घट मांडतात, त्याभोवती अठरा प्रकारची धान्यं, मधल्या खड्ड्यात चार ढेकळं आणि त्यावर पाण्यानं भरलेली घागर. चार ढेकळं म्हणजे पावसाळ्याचे चार महिने. दुसऱ्या दिवशी पहाटे कोणतं ढेकूळ किती भिजलं ते बघून कोणत्या महिन्यात किती पाऊस ते सांगतात. परंपरा साडेतीनशे वर्षांची सांगतात आणि दूरदूरची माणसं ऐकायला येतात. एका रात्रीत ढेकूळ किती भिजतं हे त्या ढेकळाच्या मातीवर आणि घागरीच्या पाझरावर ठरतं. पुढच्या ऑगस्टमधल्या ढगांशी त्याचा संबंध विज्ञानाला सापडत नाही. पण त्या माणसांनी भविष्य विचारायला ताऱ्यांऐवजी ओलं ढेकूळ निवडलं, याचं मला फार कौतुक वाटतं. आपलं सगळं जगणं मातीतल्या ओलीवर अवलंबून आहे, हे त्यांनी अचूक ओळखलं होतं.

आणि आपला शंकरपट. विदर्भात खरीप निघाला, रानं मोकळी झाली की हिवाळ्यात पट भरतात. अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचा तर फार नावाजलेला. हलका छकडा, दोन बैल, धुरकरी, आणि वेळ घड्याळावर. इथं पैज लावायला कायद्यानं मुळीच परवानगी नाही. 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयानं या शर्यती बंद केल्या. 2017 मध्ये महाराष्ट्रानं कायदा बदलला, 16 डिसेंबर 2021 रोजी न्यायालयानं अटींवर परवानगी दिली आणि 18 मे 2023 रोजी घटनापीठानं राज्याचा कायदा कायम ठेवला.

त्या नियमांत एक कलम जमिनीबद्दल आहे, आणि ते मला सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. धावपट्टी 1000 मीटरहून लांब नको. तीव्र उतारावर नको, दगडगोट्यांवर नको, चिखलात नको, दलदलीत नको, डांबरी रस्त्यावर नको. दगडावर आणि डांबरावर झटका हाडात जातो, चिखलात कंडरा तुटते, उतारावर पुढच्या पायांवर भार वाढतो. जनावराला बोलता येत नाही आणि धावायला लावलं की ते दुखऱ्या पायानंही धावतं. घोड्याचा पाय मोडला तर तो झोपून बरा होऊ शकत नाही; उरलेल्या पायांवर सगळं वजन येतं आणि तेही कामातून जातात. अमेरिकेत बार्बरो नावाचा डर्बी जिंकलेला घोडा होता; 2006 च्या मे महिन्यात शर्यतीत त्याचा पाय मोडला. उत्तम डॉक्टरांनी हाड बऱ्यापैकी सांधलं, पण भार सोसून दुसऱ्या पायाचा खूर निकामी झाला आणि जानेवारी 2007 मध्ये त्याला वेदनांतून मोकळं करावं लागलं.

तेव्हा यंदा पटाला गेलात की आधी गर्दीत घुसू नका. जोड्या सुटण्याआधी धावपट्टीच्या कडेनं या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जा. टाच रोवून बघा कुठं आत जाते, कुठं जात नाही. एखाद्या ठिकाणी पाण्याचा टँकर जास्त सांडला असेल, एखाद्या ठिकाणी रोलर पोचला नसेल. रेघ ओलांडल्यावर बैल थांबतात ती जागा विशेष बघा, कारण भरधाव जोडी आवरताना पायांना फार सोसावं लागतं आणि आयोजकांचं सगळं लक्ष सुरुवातीच्या टोकाला असतं. तिथं माती भुसभुशीत आणि लांबवर मोकळी हवी. नसेल तर पंचांना जाऊन सांगा. लहान आहात म्हणून कोणी ऐकणार नाही असं वाटलं, तर मला हाक मारा, मी येतो तुमच्याबरोबर.